युविकाचा अर्ज: फॉर्म नववीत, फाईल सहावीपासून

दरवर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मला फोन येतो. कधी एक, कधी तीन. ‘मॅडम, ते इस्रोचं काहीतरी असतं ना, आमच्या पोराला टाकायचंय. उद्या शेवटची तारीख आहे म्हणे.’ मी विचारते, आठवीचं निकालपत्रक हाताशी आहे का? असतं, पण मामाकडे. स्काऊटचं प्रमाणपत्र? होतं, पण पावसात भिजलं. प्रदर्शनातला सहभाग? सरांना विचारावं लागेल, आणि सर दहावीच्या केंद्रावर. असा अर्ज भरला काय, न भरला काय, सारखंच.

म्हणून हा लेख पाचवी-सहावी-सातवीच्या मुलांच्या आईबापांसाठी आणि माझ्यासारख्या विज्ञान शिक्षकांसाठी आहे. नववीतल्यांनीही वाचावा, त्यांना उत्तरार्ध उपयोगी पडेल.

आधी ओळख

युविका म्हणजे इस्रोचा ‘युवा विज्ञानी कार्यक्रम’. 2019 साली सुरू झाला, कोविडमध्ये बंद पडला आणि 2022 पासून पुन्हा भरतो आहे. मे महिन्यात साधारण दोन आठवडे मुलं इस्रोच्या एखाद्या केंद्रावर राहतात. तिरुवनंतपुरम, बंगळुरू, अहमदाबाद, हैदराबाद, श्रीहरिकोटा, डेहराडून आणि शिलाँग ही ती केंद्रं. शास्त्रज्ञांची व्याख्यानं, प्रयोगशाळा पाहणं, छोटं रॉकेट स्वतः जुळवणं, रात्री आकाशदर्शन. राहणं, जेवण, अभ्याससाहित्य, प्रवास सगळा खर्च इस्रोचा.

अट एकच आणि कडक: त्या वर्षीच्या 1 जानेवारीला मूल भारतातल्या शाळेत नववीत शिकत असलं पाहिजे. म्हणजे आयुष्यात एकदाच संधी. दहावीत ‘मागच्या वर्षी राहून गेलं’ म्हणून चालत नाही.

स्पर्धा किती, तर 2023 मध्ये सव्वा लाखाच्या घरात नोंदणी झाली आणि निवड झाली साधारण साडेतीनशे मुलांची. प्रत्येक राज्याला आणि केंद्रशासित प्रदेशाला किमान जागा मिळतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलाची खरी लढत महाराष्ट्रातल्याच मुलांशी असते. आणि आपल्याकडे मुलं किती, शाळा किती, ते सांगायला नको.

शंभर गुण येतात कुठून

हा भाग नीट वाचा, बाकीचा लेख याच्यावरच उभा आहे. निवडीसाठी मुलाखत नाही, निबंध नाही, शिफारसपत्र नाही. अलीकडच्या जाहिरातींत गुणांची वाटणी अशी राहिली आहे:

- आठवीचे गुण: 50
- ऑनलाइन प्रश्नमंजुषा: 10
- विज्ञान प्रदर्शनात सहभाग (गेल्या तीन वर्षांत): शाळा पातळी 2, जिल्हा 5, राज्य व त्यावर 10
- ऑलिम्पियाड किंवा तत्सम विज्ञान स्पर्धेत पहिल्या तिघांत क्रमांक: शाळा 2, जिल्हा 4, राज्य व त्यावर 5
- क्रीडा स्पर्धेत पहिल्या तिघांत क्रमांक: शाळा 2, जिल्हा 4, राज्य व त्यावर 5
- स्काऊट-गाईड, एनसीसी किंवा एनएसएसचं सदस्यत्व: 5
- ग्रामपंचायत क्षेत्रातल्या खेड्यातल्या शाळेत शिकत असल्यास: 15

आता कागद-पेन घ्या. शहरातल्या नावाजलेल्या शाळेतला मुलगा, आठवीला 96 टक्के. त्याचे झाले 48. प्रश्नमंजुषेत 9, शाळेच्या प्रदर्शनाचे 2. बेरीज 59. आता गावच्या हायस्कूलमधली मुलगी, आठवीला 86 टक्के. 43 झाले. शाळेचे 15. प्रश्नमंजुषेत जेमतेम 6. गाईडचे 5, जिल्हा प्रदर्शनाचे 5. बेरीज 74.

हे गणित मी पहिल्यांदा फळ्यावर मांडलं तेव्हा वर्गातल्या मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, म्हणजे आपण पुढं?’ हो, पुढं. फक्त कागद असले तर.

पन्नास गुणांचा कागद: आठवीचा निकाल

इथे महाराष्ट्र बोर्डाच्या शाळांची एक खास अडचण आहे. आठवीपर्यंत आपल्याकडे सर्वंकष मूल्यमापन. वर्षभराचं काम आणि परीक्षा दोन्ही धरतात, आणि प्रगतिपुस्तकावर बऱ्याच शाळा फक्त श्रेणी लिहितात: अ-1, अ-2, ब-1. इस्रोच्या फॉर्मला मात्र गुण किंवा टक्के हवे असतात. अ-1 म्हणजे 91 ते 100. त्यात 91 आहेत की 99, हे त्या कागदावरून कुणाला कळणार? चार गुण जिथे पन्नासातून हलतात, तिथे ‘अंदाजे’ चालत नाही.

उपाय सोपा आहे, पण वेळेत करायला हवा. वर्गशिक्षकांकडे निकालाचा मूळ तक्ता असतो, त्यात विषयवार गुण असतात. त्यावरून शाळेच्या लेटरहेडवर आठवीचं विषयवार गुणपत्रक करून घ्या. त्यावर एकूण गुण, टक्केवारी, शैक्षणिक वर्ष, हजेरीपटावरचं नाव, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख असावी. जावक क्रमांक विसरू नका. तो असला की कागद ऐनवेळी केलेला वाटत नाही.

आठवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि नववीला दुसऱ्या हायस्कूलमध्ये, असं ज्यांचं झालं त्यांनी हे काम नववीच्या जून-जुलैमध्येच उरकावं. जुन्या शाळेतल्या गुरुजींची बदली झाली की तक्ता कोणत्या कपाटात आहे, हे शोधण्यात आठवडा जातो. मी स्वतः एकदा कुलुपाच्या किल्लीसाठी शेजारच्या गावच्या यात्रेत फिरले आहे.

पंधरा गुण: शाळा खेड्यात आहे का

इथे मुलाचं घर कुठे आहे ते पाहत नाहीत, शाळा कुठे आहे ते पाहतात. गावातून एसटीने तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला हे गुण नाहीत. उलट शहराला खेटून असलेल्या, पण ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या शाळेत शिकणारा मुलगा हक्क सांगू शकतो.

घोळ होतो तो नगरपंचायतीचा. नावात ‘पंचायत’ आहे म्हणून लोक खूण करून मोकळे होतात. पण नगरपंचायत ही नागरी संस्था आहे, ग्रामपंचायत नव्हे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडची अनेक तालुक्याची गावं नगरपंचायती झाली. तिथल्या शाळेच्या जुन्या कागदांवर अजून ग्रामपंचायतच लिहिलेलं असतं, तेव्हा आधी खातरजमा करा. चुकीची माहिती दिली तर निवड झाल्यावरही रद्द होते, आणि ते मुलाच्या पदरात टाकण्यासारखं दुःख नाही. शाळा खरोखर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्रात तसं स्पष्ट वाक्य लिहून घ्या, सोबत ग्रामपंचायतीचा दाखला जोडून ठेवा.

सहावीपासून जमवायचे गुण

प्रश्नमंजुषा सोडून बाकीचे पंचवीस गुण एका महिन्यात मिळत नाहीत. ‘गेल्या तीन वर्षांत’ हे शब्द महत्त्वाचे. नववीतल्या मुलासाठी ते सातवी, आठवी आणि नववी असे मोजले जातात. सहावीत तयारी सुरू केली तर सातवीत फळ येतं.

प्रदर्शनाचं सांगते. आपल्याकडे शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या. इस्रोच्या तक्त्यात तालुक्याचा रकानाच नाही. तालुक्याचं प्रमाणपत्र ‘जिल्हा’ म्हणून दाखवू नका, ते शाळा पातळीतच धरा. पण दिलाशाची गोष्ट अशी की इथे क्रमांकाची अट नाही, सहभाग पुरे. जिल्ह्यापर्यंत पोचलात की 5 गुण, नंबर येवो न येवो.

जिल्ह्यापर्यंत जायची माझी आवडती वाट म्हणजे इन्स्पायर मानक. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना. शाळेने मुलांच्या मूळ कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, कल्पना निवडली गेली की मुलाच्या खात्यात 10,000 रुपये येतात, त्यातून मॉडेल करायचं आणि जिल्हा प्रदर्शनात मांडायचं. म्हणजे पैसेही, जिल्ह्याचं प्रमाणपत्रही. मुद्दा फक्त कल्पनेचा. ‘पाणी वाचवा’, ‘पवनचक्की’, ‘हायड्रोलिक जेसीबी’ या तयार मॉडेलांचा ढीग पडलेला असतो. आमच्या एका सातवीतल्या पोरीने आजीची अडचण पाहिली. भुईमुगाच्या शेंगा फोडून आजीचे अंगठे सुजायचे. तिने सायकलची जुनी चेन आणि लाकडी रूळ वापरून शेंगा फोडायचं हातयंत्र सुचवलं. दाणे निम्मे फुटायचे हे खरं, पण कल्पना तिची होती, प्रश्न तिच्या ओसरीवरचा होता आणि परीक्षकांसमोर ती एकदाही अडखळली नाही.

स्पर्धांच्या आणि खेळांच्या रकान्यात मात्र नुसता सहभाग चालत नाही, पहिल्या तिघांत नंबर लागतो. ‘सहभागाबद्दल अभिनंदन’ छापलेली रंगीत प्रमाणपत्रं घरोघरी असतात. फॉर्मसाठी त्यांची किंमत शून्य. खासगी ऑलिम्पियाडच्या नादात हजारो रुपये घालण्याआधी विचारा की प्रमाणपत्रावर पातळी आणि क्रमांक दोन्ही येतात का. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावीच्या मुलांनी जरूर द्यावी, पण ती अभ्यासाची गोडी लागावी म्हणून. दोन गुणांवर डोळा ठेवून दिलेली परीक्षा मुलाला पहिल्या तासातच कंटाळवाणी होते.

खेळाकडे विज्ञानवाले पालक दुर्लक्ष करतात, आणि तिथे गावच्या पोरांचा हातखंडा असतो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालच्या खो-खो किंवा कबड्डी संघाचा तिसरा नंबर आला असेल, तर जिल्हा पातळीचे 4 गुण. चार गुण म्हणजे आठवीचे आठ टक्के. क्रीडाशिक्षकांकडून प्रमाणपत्र त्याच आठवड्यात घ्या.

स्काऊट-गाईड किंवा एनसीसी: पाचच्या पाच गुण, नुसत्या सदस्यत्वाला. शाळेत पथक नोंदलेलं असेल तर मुलाचं नाव त्यात आहे का हे बघा. हरित सेना, लेझीम पथक, बँड हे सगळं छान आहे, पण या रकान्यात बसत नाही. शाळेत पथकच नसेल तर शिक्षकांनो, दोष मुलाचा नाही. जिल्हा संस्थेकडे नोंदणी करून ते सुरू करता येतं. आम्ही तसं केलं. पहिल्या वर्षी गणवेशाच्या रुमालांसाठी वर्गणी काढली होती.

फाईल

बाजारात वीस-तीस रुपयांना प्लास्टिकच्या पिशव्यांची फाईल मिळते. सहावीच्या पहिल्या आठवड्यात घ्या. जे प्रमाणपत्र येईल ते त्याच दिवशी तीन गोष्टी तपासून आत टाका: नाव, तारीख, पातळी.

नावाचं वेगळं सांगायला हवं. आपल्या शाळांच्या कागदांवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. प्रदर्शनाच्या प्रमाणपत्रावर ‘कु. वैष्णवी’ एवढंच. इंग्रजीत एका ठिकाणी वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक, दुसरीकडे दुसरं. आमच्या शाळेत एकदा जिल्ह्याच्या प्रमाणपत्रावर मुलीचं आडनावच नव्हतं आणि ते आम्ही मार्चमध्ये पाहिलं, वर्षभराने. आयोजकांच्या कार्यालयात तीन खेपा झाल्या, दुरुस्ती मिळाली नाही, पाच गुण गेले. दोष माझाच. बक्षीस समारंभाच्या गर्दीत कागद वाचला नाही. आता मी मंचावरून उतरलेल्या मुलाचं आधी प्रमाणपत्र वाचते, मग पाठ थोपटते.

मोबाईलवर फोटो काढू नका, स्कॅन करा. सायबर कॅफेत पाच-दहा रुपयांत होतं. प्रत्येक प्रतीवर मुलाने स्वतःची सही करावी, नववीच्या मुलाला ‘स्वसाक्षांकित’ म्हणजे काय हे तेव्हाच कळतं.

फॉर्म भरायचे दिवस

नोंदणी सहसा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उघडते आणि मार्चच्या उत्तरार्धात बंद होते. 2024 ला ती 20 फेब्रुवारी ते 20 मार्च होती, 2025 ला 24 फेब्रुवारी ते 23 मार्च. म्हणजे नेमकी दहावी बोर्डाच्या धामधुमीत. मुख्याध्यापक केंद्रसंचालक, लिपिक उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत, शिक्षक पर्यवेक्षणावर. सहीशिक्क्याची कामं म्हणूनच जानेवारीत उरका. 26 जानेवारीचं झेंडावंदन झालं की मी मुख्याध्यापकांपुढे कागद ठेवते. त्या दिवशी ते प्रसन्न असतात.

अर्ज भरायचा तो डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेच्या ‘अंतरिक्ष जिज्ञासा’ या संकेतस्थळावर. आधी ईमेल हवा. वडिलांच्या मोबाईलवरचा, ज्याचा पासवर्ड दुकानदाराने टाकला होता आणि आता कुणालाच आठवत नाही, तो नको. मुलाच्या नावाने नवा उघडा, पासवर्ड वहीत लिहा. निवडीचा निरोप याच ईमेलवर येणार आहे.

नोंदणी केली की ईमेलवर दुवा येतो, तो उघडून पडताळणी करायची. स्पॅमही बघा. त्यानंतर प्रश्नमंजुषा, आणि तिला मुदत असते. अलीकडच्या सूचनांत ती 48 तासांची राहिली आहे. त्यामुळे ‘नुसती नोंदणी करून ठेवू, प्रश्न नंतर बघू’ हे चालणार नाही. तयारी झाली असेल त्याच दिवशी नोंदणी करा. प्रश्नमंजुषा दिल्यावर साधारण तासभर थांबून मग वैयक्तिक आणि शैक्षणिक माहिती भरायची असते. शेवटच्या रात्री अकराला बसणाऱ्यांचा घात इथेच होतो.

माहिती भरताना घाई करू नका, एकदा सादर केली की बदलता येत नाही. मी दोघांना बसवते: एक मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा पडदा बघतो. शेवटी प्रिंट काढून मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र जोडायचं आणि स्कॅन करून चढवायचं. त्या वर्षीच्या सूचनापत्रात एखादा नियम बदललेला असू शकतो. ते पत्र छापून त्यावर पेनाने रेघा मारत वाचा. माझ्या या लेखापेक्षा ते पत्र मोठं.

दहा गुणांची प्रश्नमंजुषा

गाईड पुस्तकं विकत घेऊ नका. इस्रोचा इतिहास आणि गेल्या दोन-तीन वर्षांतल्या मोहिमा एका वहीत लिहून काढल्या तरी पाया पक्का होतो. 21 नोव्हेंबर 1963 ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. 15 ऑगस्ट 1969 ला इस्रोची स्थापना. 19 एप्रिल 1975 ला आर्यभट्ट, आपला पहिला उपग्रह. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चं विक्रम चंद्रावर उतरलं. 6 जानेवारी 2024 ला सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल1 आपल्या कक्षेत पोचलं. 16 जानेवारी 2025 ला स्पेडेक्सची दोन यानं अंतराळात जोडली गेली.

तारखांपेक्षा ‘का’ विचारत गेलात तर लक्षात राहतं. पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटच्या चार टप्प्यांत घन आणि द्रव इंधन आलटून-पालटून का? आदित्य पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, एल1 या बिंदूजवळच का? डॉ. वसंत गोवारीकरांनी घन इंधनावर काम केलं हे मराठी मुलांना सांगितलं की डोळे चमकतात. तिथून घन इंधन म्हणजे काय, हा धडा आपोआप सुरू होतो.

मराठी माध्यमाच्या मुलांनी एक करावं. ‘कक्षा’, ‘उपग्रह’, ‘प्रक्षेपक’, ‘सुदूर संवेदन’ या शब्दांपुढे ऑर्बिट, सॅटेलाइट, लाँच व्हेइकल, रिमोट सेन्सिंग असं लिहून ठेवावं. विज्ञान येतं, शब्दापाशी अडतं. रोज पाच शब्द, दोन महिने.

यादी लागल्यावर

एप्रिलमध्ये रोज ईमेल बघा. पहिल्या यादीतल्या कुणी वेळेत होकार कळवला नाही किंवा कागद जुळले नाहीत, तर पुढच्यांना बोलावलं जातं. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून ईमेल बघणं सोडू नका.

निवड झाली तर सगळ्यात आधी रेल्वेचं तिकीट. मे महिन्यात आरक्षण मिळणं म्हणजे दिव्य. केंद्र शिलाँग मिळालं तर रेल्वे गुवाहाटीपर्यंतच, पुढे शंभरेक किलोमीटर रस्त्याने. मुलाचं द्वितीय श्रेणी वातानुकूलितपर्यंतचं भाडं आणि सोडायला-न्यायला येणाऱ्या एका पालकाचं भाडं परत मिळतं. आधी स्वतःच्या खिशातून घालावं लागतं, ही गावाकडच्या घरात मोठी रक्कम असते. आमच्याकडे एका मुलाच्या वेळी शिक्षकांनी मिळून उसने दिले, जूनमध्ये परत आले. तिकिटं आणि पावत्या मात्र जपून ठेवा.

मूळ प्रमाणपत्रांची फाईल हातातल्या बॅगेत, सामानात नाही. आणि जायच्या आदल्या आठवड्यात मुलाला दोन कामं एकट्याने करायला लावा: बँकेतून पैसे काढणं आणि हिंदीत कुणाला तरी फोन करून पत्ता विचारणं. बरीचशी पोरं घराबाहेर पहिल्यांदाच झोपणार असतात. आमचा एक जण दुसऱ्या दिवशी रडत फोन करत होता, इडली आवडत नाही म्हणून. बाराव्या दिवशी त्याला परत यायचं नव्हतं.

निवड झाली नाही तर नववीच्या नोव्हेंबरात दिलेला कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाड दहावीत वयाच्या अटीत बसत असल्यास पुन्हा देता येतो, आणि त्याचं शेवटचं शिबिर आपल्या मुंबईतच, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात भरतं. फाईल तशीच पुढे चालू ठेवा. पिशव्या संपल्या असतील तर नव्या घाला.